बोटीच्या पाटीवरचं 'ए' अक्षर नक्की काय सांगतं? शिडाची बोट घेण्याआधी वाचायचे आकडे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही साउदॅम्प्टनला राहता, नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, दोन सीझन समोरच्या सोलेंटच्या पाण्यात आणि इंग्लिश चॅनलमध्ये हात बसला की फ्रान्सच्या पश्चिमेचा बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनला जायचं आहे, आणि समोर दोन सेकंडहँड बोटी आहेत. एक २००५ ची, ३३ फुटी, रुंद, ५ टनांची, खाली पंखासारखी कील (बोटीला सरळ ठेवणारा तळाचा वजनदार भाग) बोल्टनी लावलेली, आणि कॉकपिटमधल्या पाटीवर सीई वर्ग 'ए', म्हणजे ही बोट किती वाऱ्या-लाटांसाठी बनवली ते सांगणारं युरोपातलं अक्षर. दुसरी १९७४ ची, तीही ३३ फुटीच, पण अरुंद, जवळजवळ ६ टन, लांब कीलची, आणि तिला पाटीच नाही. ब्रोकर म्हणाला 'ए' म्हणजे ओशन, डोळे झाकून घ्या. म्हणून तुम्ही विचारताय की पाटी नसलेली बोट असुरक्षित धरायची का.

नाही धरायची. तिला पाटी नाही याचं कारण एवढंच की युरोपातला हा नियम १९९४ साली आला आणि १६ जून १९९८ पासून सक्तीचा झाला, त्यामुळे १९७४ च्या बोटीला पाटी असण्याचा प्रश्नच येत नाही. मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी सुहैली घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता जगाची फेरी मारून आले तेव्हा तिच्यावर कुठलंही अक्षर नव्हतं. पण याचा अर्थ पाटी निरुपयोगी आहे असाही घेऊ नका, मी तर सर्व्हेला गेलो की पहिली पाटीच वाचतो. फक्त ती कशाबद्दल बोलते आणि कशाबद्दल गप्प बसते हे माहीत पाहिजे. मी आधी मर्चंट नेव्हीत होतो, नंतर एकोणीस वर्षं इथल्या दक्षिण किनाऱ्यावर यॉटचे सर्व्हे करतोय आणि मधेमधे लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवतोय, आणि या एका अक्षरावर विसंबून बोट घेतलेली माणसं खूप बघितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अक्षरं. वारा बोफर्ट स्केलच्या फोर्समध्ये मोजतात. 'डी' म्हणजे ४ फोर्सपर्यंत वारा आणि ०.३ मीटर लाट, कधीमधी अर्धा मीटर, थोडक्यात तलाव आणि खाडी. 'सी' म्हणजे ६ फोर्स आणि २ मीटर. 'बी' म्हणजे ८ फोर्स आणि ४ मीटर. 'ए' म्हणजे ८ फोर्सच्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरची लाट. आता इथे नीट बघा, 'ए' ला वरची मर्यादाच नाही असं लोकांना वाटतं, पण नियमात स्पष्ट लिहिलंय की असाधारण परिस्थिती वगळून, आणि त्यात स्टॉर्म, हरिकेन, अतिरेकी समुद्र असं सगळं येतं. बोफर्ट स्केलवर स्टॉर्म म्हणजे १० फोर्स. म्हणजे 'ए' ची हमीसुद्धा त्याच्या अलीकडेच संपते. पूर्वी या वर्गांना ओशन, ऑफशोअर, इनशोअर आणि शेल्टर्ड वॉटर्स अशी नावं होती, २०१३ च्या नव्या नियमात ती काढून टाकली, आणि माझ्या मते ते फार चांगलं केलं, कारण 'ओशन' म्हटलं की माणसाला वाटतं आपण कुठेही, कधीही जाऊ शकतो. ब्रोकरच्या तोंडात मात्र ते जुनं नाव अजून आहे.

दुसरी गोष्ट त्या लाटेच्या आकड्याची. ४ मीटर म्हणजे सगळ्यात उंच लाट ४ मीटर असं नसतं. ती सिग्निफिकंट वेव्ह हाइट असते, म्हणजे उंचीने वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. काही तास त्या समुद्रात राहिलात तर मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट उंचीची लाट येणार हे धरूनच चालायचं. आपल्याकडे इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज येतो त्यातही हाच आकडा असतो, जुलैत कोकण किनाऱ्यापुढे साडेतीन मीटर लिहिलं असेल तर सात मीटरची लाटही त्याच समुद्रात फिरत असते. माझं लहानपण श्रीवर्धनचं, तिथे नारळी पौर्णिमा होईपर्यंत कोळी होड्या पाण्यात घालत नाहीत. युरोपातली अक्षरं बोटीला वर्ग देतात, आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी दिवसांना वर्ग दिला, आणि तुमच्यासाठी या दोन्ही गोष्टी तितक्याच कामाच्या आहेत, त्यावर शेवटी येतो.

आता हे अक्षर ठरतं कसं. शिडाच्या बोटीसाठी आयएसओ १२२१७ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग वापरतात आणि त्यातून दोन आकडे निघतात, एक एव्हीएस आणि दुसरा स्टिक्स. यातला एव्हीएस समजून घेतलात तर अर्धं काम झालं.

जत्रेत ती बाहुली मिळायची बघा, तळाला माती भरलेली, कशीही ढकला, डोलत डोलत परत उभी राहते. आणि दुसरीकडे बसायचा लाकडी पाट पाण्यात टाका. पाट सहज लवंडत नाही, वर मूल बसलं तरी बऱ्यापैकी सपाट राहतो, पण एकदा उलटला की तो उलटाही तितक्याच मजेत तरंगतो, परत सुलटा व्हायचं नावच घेत नाही. प्रत्येक बोट या दोघांच्या मधे कुठेतरी बसते. रुंद आणि हलकी बोट पाटाकडे झुकते, अरुंद आणि खोल वजनाची बोट बाहुलीकडे. म्हणूनच मरीनात उभ्या असलेल्या बोटीवर पाय टाकून 'अरे ही किती स्टेबल आहे, हलत पण नाही' असं म्हणून कोणी बोट पसंत केली की मला काळजी वाटते, कारण त्याला जे जाणवलं तो पाटाचा गुण आहे, आणि समुद्रात जीव वाचवतो तो बाहुलीचा गुण.

एव्हीएस म्हणजे बोट किती डिग्रीपर्यंत कलली तरी स्वतःहून सावरते तो कोन. डोलकाठी पाण्यावर आडवी पडली म्हणजे ९० डिग्री. १२० म्हणजे डोलकाठीचं टोक पाण्याखाली ३० डिग्री गेलंय, तिथवर कील बोटीला परत ओढते, त्यापुढे गेली की तीच बोट पालथी व्हायच्या बाजूने जाते. याचा आलेख काढतात त्याला जीझेड कर्व्ह म्हणतात. शून्यापासून चढतो, साधारण ५० ते ६० डिग्रीला सगळ्यात वर जातो, मग उतरत उतरत शून्याची रेघ ओलांडतो, ती ओलांडण्याची जागा म्हणजे एव्हीएस. रेघेच्या वरचं क्षेत्रफळ म्हणजे बोटीला लवंडायला किती जोर लागेल, आणि रेघेच्या खालचं म्हणजे पालथी पडल्यावर परत सुलटी करायला किती जोर लागेल. खालचा भाग छोटा असेल तर पुढचीच एखादी लाट तिला परत फिरवते. मोठा असेल तर बोट पालथी पडून राहते, आणि आत अंधारात, छतावर उभं राहून, गुडघाभर पाण्यात तुम्ही वाट बघत बसता. त्यामुळे मी म्हणेन नुसता कोन मागू नका, आलेखच मागा, बनवणाऱ्याकडे तो असतो, ओनर्स मॅन्युअलमध्येही कधी कधी सापडतो. तुमच्या मॉडेलच्या एखाद्या बोटीचं शर्यतींसाठीचं ओआरसी इंटरनॅशनल सर्टिफिकेट झालेलं असेल तर त्यावरही हा कोन लिहिलेला असतो, तिथे त्याला लिमिट ऑफ पॉझिटिव्ह स्टेबिलिटी म्हणतात.

'ए' वर्गाला कमीत कमी एव्हीएस किती हवा तर १३० मधून टनामागे २ डिग्री वजा करायचे, मात्र १०० च्या खाली जायचं नाही, आणि बोट ३ टनांच्या वर हवी. तुमची २००५ ची बोट ५ टनांची, म्हणजे १३० उणे १०, तिला १२० लागतो. १२ टनांची बोट असेल तर १०६ ला पण 'ए' मिळतो. वाचून धक्का बसेल पण त्यामागे तर्क आहे, मोठी बोट उलटवायला लाटही मोठी लागते, तशी लाट भेटायची शक्यता कमी. 'बी' साठी हाच हिशोब टनामागे ५ डिग्रीचा आणि खालची मर्यादा ९५, म्हणजे ५ टनी बोट १०५ वर 'बी' होते. आता एव्हीएस ११९ असलेली बोट आणि १२१ असलेली बोट यांच्यात समुद्राला काडीचाही फरक कळत नाही, पण एकीवर 'बी' येईल आणि दुसरीवर 'ए'. अक्षरावर जाऊ नका, आकडा विचारा असं मी म्हणतो ते म्हणूनच.

स्टिक्स हा दुसरा आकडा. त्यात बोटीची लांबी घेतात आणि तिला सात गोष्टींनी गुणतात, लवंडायला लागणारा जोर, पालथी झाल्यावर सावरायची ताकद, शीड पाण्यात टेकल्यावर उठायची ताकद, वजन आणि लांबीचं प्रमाण, रुंदी आणि वजनाचं प्रमाण, वाऱ्याचा झोत, आणि आत पाणी शिरायचा कोन. 'ए' ला ३२, 'बी' ला २३, 'सी' ला १४, 'डी' ला ५. सगळी खिचडी एका आकड्यात आल्यामुळे एका बाजूची कमी दुसऱ्या बाजूने भरून निघते, आणि पाया लांबीचा असल्यामुळे लांब बोटीला पास होणं सोपं जातं. मी स्टिक्स बघतो पण त्यावर निर्णय घेत नाही. ३३ फुटांची बोट ३५-३६ वर असेल तर बरं वाटतं, ३२.४ असेल तर मी बाकीचे कागद जास्त बारकाईने बघतो, एवढंच.

हे सगळं आलं कुठून ते सांगितल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही. ऑगस्ट १९७९, तुमच्याच समोरच्या काउजवरून फास्टनेट रेसला ३०३ बोटी सुटल्या. १३ आणि १४ तारखेच्या रात्री आयर्लंडच्या खाली वादळाने गाठलं. १५ खलाशी गेले. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या, आणि त्यातल्या फक्त ५ बुडाल्या, बाकीच्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. तपास समितीने बोटींकडून माहिती गोळा केली तर जवळजवळ निम्म्या बोटी आडव्या झाल्या होत्या आणि साधारण एक तृतीयांश आडव्याच्याही पलीकडे गेल्या होत्या. तोवर रेसिंगच्या नियमांमुळे बोटी रुंद आणि हलक्या होत चालल्या होत्या, आणि पालथी पडली तर काय हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हतं.

त्यानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या वुल्फसन युनिटमध्ये टाकीत मॉडेल ठेवून फुटत्या लाटांचे प्रयोग झाले आणि त्यातला निष्कर्ष मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. फुटणारी लाट बाजूने आली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या ३० टक्के असली तर काही बोटी उलटतात. ६० टक्के असली तर सगळ्याच उलटतात, अरुंद असो, रुंद असो, कसलीही कील असो. तुमची बोट १० मीटरची, म्हणजे ३ मीटरची फुटती लाट धोक्याची आणि ६ मीटरची बहुतेक नक्कीच. आता मगाचा ४ मीटर सिग्निफिकंटचा आकडा याच्या शेजारी ठेवून बघा. 'ए' वर्गाच्या आतल्याच समुद्रात तुमच्या बोटीला लवंडवणारी लाट असू शकते, फक्त ती नेमकी तुमच्यावर फुटायला हवी. साध्या उंच पण न फुटणाऱ्या लाटेवर बोट बदकासारखी चढते-उतरते, मारते ती फुटणारी. याच प्रयोगांतून आणखी एक कळलं की डोलकाठी असलेली बोट उलटायला वेळ घेते कारण त्या उंच वजनाला फिरवायला जोर लागतो, डोलकाठी मोडली की तीच बोट भराभर लोळायला लागते.

२०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्याने जगाची फेरी मारायच्या शर्यतीत, आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात सापडले ते तुम्ही वाचलं असेल. त्यांची थुरिया गोव्यात बांधलेली, सुहैलीचीच प्रतिकृती, ३२ फुटी, जड, लांब कीलची, म्हणजे बाहुलीच्या जातीची. तिथली लाट एवढ्या लांबीच्या कुठल्याही बोटीला झेपणारी नव्हती. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, पण बोट सावरून तरंगत राहिली आणि तीन दिवसांनी फ्रेंच मत्स्यखात्याचं ओसिरिस त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा ते बोटीतच होते. चांगल्या बोटीकडून मी एवढीच अपेक्षा धरतो, ती लवंडेलही, पण लवंडल्यावर सावरेल आणि तरंगत राहील.

१९९८ च्या ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्ट शर्यतीत ११५ पैकी ४४ बोटी पोचल्या, ६ माणसं गेली, ५ बोटी बुडाल्या. तिथल्या तपासात असंही निघालं की एका बोटीचा एव्हीएस त्या रेसच्या नियमाला पुरत नव्हता आणि तरीही ती उतरली होती. कागद होता, कोणी वाचला नव्हता.

जुन्या बोटीचा एव्हीएस कुठेच मिळाला नाही तर काय? १९७९ नंतर अमेरिकेत एक साधं सूत्र काढलं, कॅप्साइझ स्क्रीनिंग. रुंदी फुटांत घ्यायची, वजन पौंडांत घेऊन ६४ ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि रुंदीला त्याने भागायचं. २ च्या खाली आलं तर बरं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून, २००५ ची बोट ३.४ मीटर रुंद आणि ५ टन, उत्तर बरोबर २.० येतं, काठावर. १९७४ ची ३ मीटर रुंद आणि ५.९ टन, उत्तर १.६७. हा फरक खरा आहे. पण या सूत्राला वजन कुठे आहे ते कळत नाही, सगळं शिसं डोलकाठीच्या टोकाला बांधलंत तरी ते १.६७ च सांगेल. चाळणी म्हणून वापरा, त्यापलीकडे नको.

आणि कोणी तुम्हाला 'या बोटीचं आयआरसी रेटिंग चांगलंय' असं सांगितलं तर तो वेगाचा हिशोब आहे, शर्यतीत कोणाला किती सवलत द्यायची त्याचा, सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध नाही. दोन्हीला रेटिंगच म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

आता पाटी जिथे गप्प बसते तिकडे येतो, आणि माझं निम्मं आयुष्य तिथेच जातं. सीईचा वर्ग म्हणजे गाडी बाजारात यायच्या आधी मॉडेलला मिळालेली मान्यता. दरवर्षीचं फिटनेस नाही. वीस वर्षांत बोटीचं काय झालं ते पाटीला माहीत नसतं. तुमच्या २००५ च्या बोटीच्या फोटोत मला मागे स्टीलची कमान दिसतेय, तिच्यावर दोन सोलर पॅनल, खाली लटकवलेली डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, आणि तिचं इंजिन, वर डोलकाठीवर रडार. हे सगळं नंतर लावलेलं. वजन जेवढं वर तेवढा एव्हीएस खाली, आणि या बोटीला 'ए' साठी १२० लागतो तर फॅक्टरीतून ती बहुतेक १२२-१२३ नेच निघाली असेल, म्हणजे आज ती कागदावर 'ए' आहे आणि पाण्यात कदाचित नाही. पाटीवर माणसांचा आणि किलोचा आकडाही असतो, ए-६, बी-८ असं, त्या माणसांबरोबर कपडे, पाणी, नांगराची जादा साखळी, पुस्तकं सगळं मोजायचं. घ्यायची ठरलीच तर डिंगी आणि तिचं इंजिन लांबच्या प्रवासात खाली लॉकरमध्ये गेलं पाहिजे.

मग सीकॉक. बोटीच्या तळाला भोकं असतात, टॉयलेटचं, सिंकचं, इंजिनच्या पाण्याचं, त्यांना बंद करायचे व्हॉल्व. नियमात म्हटलंय ते गंजरोधक असावेत, पण तुमची २००५ ची बोट बनली तेव्हा ज्या मानकावर ते तपासत त्यात गंजरोधक म्हणजे काय तर पाच वर्षांत बिघडणार नाही असं. त्यामुळे अनेक बनवणाऱ्यांनी ब्राँझऐवजी साधं पितळ लावलं आणि ते नियमात बसलं. समुद्राच्या पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. मागच्या वर्षी एका अशाच वीस वर्षांच्या, 'ए' वर्गाच्या बोटीत मी सिंकखालचा सीकॉक चाकूच्या टोकाने खरवडला. वरून हिरवट, अगदी ठीक दिसत होता. खरवडल्यावर पिवळा निघायला हवा, निघाला गुलाबी, नवीन तांब्याच्या तांब्यासारखा. रबरी नळी जिथे बसते तो तुकडा मी अंगठ्याने थोडा दाबला तर बिस्किट मोडावं तसा हातात आला. मालक शेजारी उभे होते, त्यांनी आदल्याच आठवड्यात मुलांना घेऊन चॅनलपलीकडे फ्रान्सच्या चेरबर्गची फेरी केली होती. ते काही बोलले नाहीत, नुसते त्या तुकड्याकडे बघत खाली बसले. म्हणून सांगतो, चाकू आणि टॉर्च घेऊन जा आणि प्रत्येक सीकॉक खरवडा, सर्व्हेअर येईल तेव्हा येईल.

कील. बोल्टची कील असलेल्या बोटीत वर्गापेक्षा मला बोट कितीदा तळाला आपटली हे जास्त महत्त्वाचं वाटतं. मे २०१४ मध्ये चीकी रफिकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली, चारही जण गेले. ब्रिटनच्या अपघात तपास संस्थेने म्हटलं की आधीच्या तळाला लागण्याच्या घटना आणि दुरुस्त्यांमुळे आतल्या सांगाड्याची हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, चिकटलेली पकड कमकुवत झालेली असू शकते. आधुनिक बोटीत आत फायबरग्लासचा तयार सांगाडा बसवतात आणि चिकटवतात, चिकटपणा सुटलाय का ते बाहेरून दिसत नाही. कॅबिनची फळी उचला, कीलच्या मागच्या टोकाजवळ जा, केसासारख्या चिरा आहेत का बघा, प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. चांगली जागा टणक, कोरडी वाजते. सुटलेली जागा भोपळ्यासारखी वाजते, एकदा ऐकलीत की विसरणार नाही. बाहेरून कील आणि हलच्या सांध्याला पुढच्या बाजूला फट हसल्यासारखी उघडली असेल तर बोल्ट काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लांब कीलच्या जुन्या बोटीत बऱ्याचदा कीलचं वजन हलच्या आतच भरलेलं असतं, तसं असेल तर ही काळजी नाही, पण सुकाणूचे बिजागर आणि डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या चेनप्लेट बघायच्या, पन्नास वर्षांत पाणी तिथेच शिरतं.

आणि तिसरं, आतल्या वस्तू. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये बिस्केत मी एक ३६ फुटी बोट दक्षिणेला नेत होतो, 'ए' वर्ग, कागद सगळे व्यवस्थित. रात्री तीनला मागच्या बाजूने एक लाट फुटली आणि बोट आडवी झाली, ९० च्या थोडी पुढे गेली असेल. चार-पाच सेकंदांत ती उठली, म्हणजे तिने जे करायचं ते अगदी चोख केलं. पण तेवढ्यात एक बॅटरी पट्ट्यातून सुटून समोरच्या लॉकरवर आदळली, फरशीच्या फळ्या उडाल्या, गॅसची शेगडी कड्यांतून निघाली, आणि कॉकपिटच्या लॉकरचं झाकण कुलूप नसल्यामुळे उघडून त्यातून पाणी आत आलं. माझ्या सोबतच्या माणसाची बरगडी मोडली ती कॅनच्या डब्यांनी, समुद्राने नाही. स्थिरतेचा सगळा हिशोब झाकणं बंद आहेत असं धरून केलेला असतो. आपण उन्हाळ्यात दार उघडं टाकून चालवतो. दाराच्या फळ्यांना आतून-बाहेरून अडकवायची दोरी, बॅटरीला नीट पट्टा, फरशीला कुलपं, लॉकरला हुक, एवढ्याने जो फरक पडतो तो 'बी' च्या बोटीतून 'ए' च्या बोटीत जाऊन पडणार नाही.

तर कुठली घ्यायची. स्पष्ट सांगतो, तुमच्या ठिकाणी मी असतो तर १९७४ ची घेतली असती, पण एका अटीवर, की बोटीच्या किमतीच्या निम्मे पैसे दुरुस्तीसाठी वेगळे आहेत. तारा दहा वर्षांच्या वर असतील तर सगळ्या बदलायच्या, चेनप्लेट काढून बघायच्या, सीकॉक नवीन. ती आतून अरुंद वाटेल, मरीनात मागे घ्यायला त्रास देईल, वाऱ्याकडे तेवढी वर चढणार नाही. पण लाटांवर ती मऊ चालते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्या वर्षी उलट्या होऊन समुद्राची भीती बसली तर स्पेन राहूनच जाईल, हा विचार मी कुठल्याही आकड्याच्या आधी करेन. ते पैसे नसतील तर २००५ ची घ्या, कमान उतरवा, कील तपासा, आणि चॅनल, ब्रिटनी, चॅनल आयलंड्स बिनधास्त करा. बिस्केसुद्धा तिने होतं, दरवर्षी तशा शेकडो बोटी जातात.

फक्त दोन्हीपैकी कुठलीही असली तरी बिस्के जून ते ऑगस्टमध्येच. फालमथहून आ कोरुन्याला साडेचारशे मैलांच्या आसपास आहे, तुमच्या वेगाने साडेतीन-चार दिवस, आणि चार दिवसांचा अंदाज आता बऱ्यापैकी भरवशाचा येतो. ब्रेस्टला थांबून वाट बघितलीत तर अंतर आणखी कमी होतं. अंदाजात ६ फोर्सच्या वर दिसलं की नांगर टाकून बसायचं, ऑफिसची रजा संपत असली तरी. खोल समुद्रातून एकदम उथळ कडेवर पाणी चढतं तिथे लाट उभी राहते आणि फुटते, ती कड दोन्ही टोकांना लागते, ती ओलांडायची वेळ दिवसाची आणि शांत वाऱ्याची धरा.

शनिवारी बघायला जाणार म्हणालात. २००५ च्या बोटीच्या पाटीचा फोटो, ओनर्स मॅन्युअलमधलं स्थिरतेचं पान, आणि फरशी उचलून कीलच्या मागच्या टोकाचा फोटो, हे तीन पाठवा. १९७४ च्या बोटीचे सीकॉक खरवडून रंग काय निघाला तेवढं कळवा.